तळ्याकडे पाठ

नोकरीत असताना मी दुसऱ्यांच्या जागांचे नकाशे काढले. पनवेलमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. जिना कुठे, खिडकी कुठे, टाकी कुठे, हे मी कागदावर बसवायचो आणि त्याप्रमाणे इमारती उभ्या राहायच्या. त्यामुळे स्वतःच्या तळ्याकाठी दहा बाय बाराची साधी पत्र्याची शेड कुठे बांधायची, हे ठरवण्यात माझा अख्खा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा जाईल, असं निवृत्तीच्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

तळं वडिलांनी खणलेलं. आमची बरीचशी भातजमीन वसाहतीसाठी गेली. गावामागे एक तुकडा उरला, त्यात त्यांनी तळं काढून मासे सोडले. वडील गेल्यावर ते माझ्या आणि ताईच्या नावावर आलं. आम्ही दोघंही नवीन पनवेलला राहतो. तळ्यावर लक्ष ठेवते ती आत्या, वडिलांची धाकटी बहीण. तिला गावातच दिलेली, आणि तिचं घर तळ्यापासून हाकेवर. ताईला रविवारी शिकवण्यांची सुट्टी, म्हणून आम्ही रविवारीच जायचो. पण उन्हातान्हात बसायला तिथे आडोसा नव्हता. निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, शेड बांधायची आणि रोज तिथे जाऊन बसायचं.

पहिली जागा मी पूर्वेच्या बांधावर निवडली, जांभळीखाली. तिथून सगळं पाणी दिसतं, मागे डोंगर दिसतो, आणि दुपारी चारपर्यंत सावली असते. मी टेप लावून मोजलं, चार खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, फक्कीने रेघा मारल्या. आत्या कमरेवर हात ठेवून बघत होती. शेवटची खुंटी ठोकून झाल्यावर ती म्हणाली की जांभळीच्या मुळांत साप आहे, इथे नको. मी मुळं काठीने ढवळून दाखवली. ती म्हणाली, दिसला नाही म्हणजे नाही असं नसतं.

पुढच्या रविवारी खुंट्या उपटलेल्या होत्या. गुरांनी काढल्या, असं आत्याचं म्हणणं. गुरांनी चारही खुंट्या काढून एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

मग मी सांडव्याजवळची जागा घेतली. तिथे म्हणे पावसात पाणी चढतं. मी भर पावसाळ्यात तिथे कोरड्या पायांनी उभा राहिलो होतो, हे सांगूनही उपयोग झाला नाही. पश्चिमेला गेलो तर वरून विजेची तार जाते म्हणाली. तार बरीच लांब होती, मी टेप लावून दाखवली. तिने टेपकडे पाहिलंही नाही.

ताईचा मला जास्त राग येत होता. ती थर्मासमधला चहा ओतून घ्यायची आणि म्हणायची, आत्या राखते ना तळं, मग तिच्या कलाने घे. मी विचारायचो, तिचा कल कोणता ते तरी सांग, तिन्ही जागा तिने नाकारल्यात. ताई म्हणायची, तू चिडतोस म्हणून ती सांगत नसेल. मी चिडत नव्हतो. निदान सुरुवातीला तरी नव्हतो.

कळंबोलीचा एक वेल्डर अँगल आणि पत्रे बसवून देणार होता. तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा माझ्या रेघा वेगळ्या ठिकाणी होत्या. दुसऱ्यांदा जाताना तो अगदी आदराने म्हणाला की जागा पक्की झाली की फोन करा. इतकी वर्षं मी ऑफिसातल्या गिऱ्हाइकांना हेच वाक्य ऐकवत आलो होतो.

त्यानंतर मी ठरवलं की आता कुणाला विचारायचं नाही. एका बुधवारी सकाळी, ताईला आणि आत्याला न कळवता, मी वेल्डरला घेऊन थेट तळ्यावर गेलो. जांभळीखालीच खड्डे घ्यायचे, आत्या यायच्या आत.

बांध चढून वर आलो आणि जागीच थांबलो. पाण्यात आठदहा बायका होत्या. काठावर गोधड्या वाळत घातल्या होत्या, दगडांवर कपडे आपटणं चाललं होतं, कुणी केस धूत होती. आम्हाला बघून सगळा आवाज एकदम थांबला. काहीजणी ओल्या लुगड्यांनिशी काठाकडे धावल्या, मिळेल ती गोधडी ओढून अंगाभोवती घेतली. एक मात्र गळ्यापर्यंत पाण्यात होती, ती तिथेच आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. वेल्डर माझ्याआधी वळला आणि खाली रस्त्यापर्यंत चालत गेला. मी हातात टेप घेऊन तसाच उभा होतो. तेवढ्यात त्या बायकांमधूनच आत्या वर आली, पदर पिळत.

रस्त्यावर आल्यावर मी तिला विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? गावच्या बाया तुझ्या तळ्यात आंघोळ करतात, असं भाच्याला तोंडानं सांगू?" ती म्हणाली. "नळाला दोन दोन दिस पानी नाय. तुझ्या बापाला ठावं होतं. तो दुपार झाल्याबिगर इकडं फिरकायचा नाय. तुमी ऐतवारी येता, त्या दिशी कोन येत नाय. खोपट झालं की तू रोज येशील. मग आमी जायचं कुटं?"

मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा राग जास्त होता. एवढे महिने साप, पाणी, तार असं ऐकून घेतलं, आणि खरी गोष्ट सांगण्याइतका मी तिला जवळचा वाटलो नाही. तळं गोल आहे. कुठल्याही काठावर शेड बांधली तरी समोर तेच पाणी आणि त्याच बायका.

संध्याकाळी ताईला सांगितलं तर ती म्हणाली की तिला थोडासा अंदाज होता. मी त्या दिवशी तिच्याशी पुढे बोललो नाही.

शेवटी शेड झाली ती रस्त्याकडच्या फाटकापाशी. तळ्याच्या बाजूने मी खालपासून वरपर्यंत पत्रा लावायला सांगितला आणि तोंड रस्त्याकडे ठेवलं. नकाशा मीच काढला. सगळ्यात चांगल्या बाजूला भिंत घालताना पेन्सिल दोनदा खाली ठेवली. या वेळी वेल्डर काम करून गेला. आत्या बघून गेली. बरी झाली, एवढंच म्हणाली. बायका मात्र त्या बुधवारनंतर बरेच दिवस फिरकल्याच नव्हत्या. आत्याने घरोघर जाऊन सांगितल्यावर हळूहळू यायला लागल्या.

आता मी सकाळी तिथे बसतो. समोर खडीचे डंपर जातात, धूळ येते. मागून कपडे आपटल्याचे आणि हसण्याचे आवाज येतात, मधूनच पाण्याचा वास येतो. ओळखीचं कुणी आलं की शेडभोवती एक चक्कर मारतं आणि विचारतं, एवढं छान तळं असताना पाठ का केली? ड्राफ्ट्समन होतात ना तुम्ही? मी सांगतो, पाण्यावरून ऊन डोळ्यांवर येतं. कुणालाच ते पटत नाही, आणि दर वेळी मला नव्याने चीड येते.