बाटलेलं पाणी

मुरली गेल्याचं मला दुकानात कळलं. जळगावला माझं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. एक मोटार उघडून बसलो होतो, तेवढ्यात धरणगावहून त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा गेले," एवढंच बोलला पोरगा. हात पुसले आणि एसटी पकडली. आता दीड महिना होत आला, पण खरं सांगायचं तर दुःखापेक्षा रागच जास्त येतो. ज्या चेअरमनने मुरलीला नोकरीवरून घालवलं, तोच शोकसभेत उठला आणि म्हणाला, झाडांवर पोटच्या पोरासारखी माया करणारा माणूस हरपला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

मुरलीधर आणि मी असोद्याचे, शाळेत एका बाकावरचे. तो शेतकीचं शिकला, मी हातात पाना घेतला. ऐंशीच्या दशकात जिकडेतिकडे झाडं लावायची टूम निघाली, तेव्हा नरडाण्याच्या बाजूला वनीकरणाच्या एका सोसायटीने रोपवाटिका काढली. साग, शिसव, कडुनिंब... मुरली तिथला सुपरवायझर झाला आणि पंप बसवायला त्याने मला बोलावलं. धुळ्याकडचा तो कोरडा भाग, पाणी वाया घालवणं म्हणजे पाप. म्हणून सोसायटीच्या चेअरमनने शक्कल लढवली होती. वाफ्यांतून निथळणारं पाणी चरातून एका खड्ड्यात जमवायचं, तिथून उपसून परत हौदात, आणि हौदातून परत रोपांना. कुणी पाहुणा आला की चेअरमन त्याला रोपं नंतर आणि खड्डा आधी दाखवायचा.

दुसऱ्या वर्षी रोपं माना टाकायला लागली. मातीलगत देठ काळा पडायचा, मऊ व्हायचा आणि सकाळी बघावं तर वाफ्यात टोपलीएवढ्या जागेतली रोपं आडवी. चेअरमन म्हणाला, पाणी वाढवा. मुरली मात्र वाफ्यांमधून उकिडवा बसत बसत फिरला आणि त्याला कळून चुकलं की ही बुरशी आहे आणि ती पाण्यावर बसूनच वाफ्यावाफ्यांतून फिरते आहे. एका आजारी वाफ्याचं पाणी खड्ड्यातून हौदात जात होतं आणि आपण तेच चांगल्या रोपांना पाजत होतो. त्याने खड्ड्यावरचा पंप मला काढायला लावला, निथळलेलं पाणी नाल्यात सोडलं, हौद ब्लीचिंगने घासून घेतला आणि विहिरीच्या ताज्या पाण्याने भरला. मातीचे हात, पाय, घमेली, झाऱ्या, काहीही हौदात बुडवायचं नाही असा नियम केला. वर पत्र्याचं झाकण बसवलं आणि झाकणाला कुलूप घातलं.

कामाला नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया होत्या. दुपारी त्याच हौदावर हातपाय धुवून भाकरी सोडायच्या. त्यांतल्या जमनाबाईने विचारलं, कुलूप कशाला? आता बुरशी कशी पसरते हे उभ्या उभ्या कसं सांगायचं? मुरली घाईत होता. म्हणाला, "या पाण्याला हात लावू नका बाई, बाटतं ते."

बाटतं! अरे, शब्दांचाही दुष्काळ पडला होता का? ज्यांच्या आयांनी गावच्या विहिरीपासून लांब उभं राहून, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघितली, त्यांना हा बाबा कुलूप दाखवून सांगतो की पाणी बाटतं. मी तिथेच नट आवळत होतो. जमनाबाईने घमेलं खाली ठेवलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी एकही बाई कामाला आली नाही.

खड्डा बंद झाल्यामुळे चेअरमन आधीच डूख धरून होता. त्याला आयतं कोलीत मिळालं. सोसायटीच्या बैठकीत त्याने जाहीर केलं की सुपरवायझर शिवाशिव पाळतो, बायांची तशी तक्रार आहे. मुरलीला जायला सांगितलं. कुलूप निघालं, दुसऱ्या मेकॅनिककडून खड्ड्याचा पंप परत बसवून घेतला आणि त्या मोसमात बघता बघता सगळी रोपवाटिका बसली. रोपं न्यायला आलेल्या बैलगाड्या रिकाम्या परत गेल्या. उन्हाने जळाली म्हणे! आग लागो त्या उन्हाला.

मुरली धरणगावला एका कापसाच्या जिनिंगमध्ये चिकटला. नोकरी गेल्याचं त्याला फारसं वाटलं नाही, रोपं मेल्याचं वाटलं. पण त्याला आतून खाल्लं ते एकाच गोष्टीने. भेटलो की चहा संपायच्या आत विचारायचा, त्या बायांना मी खरंच तसा वाटलो असेन का रे? मी वैतागून म्हणायचो, अरे, जा आणि विचार. "कोणत्या तोंडाने जाऊ, भो? त्यांच्या मनात तसं नसेल तर त्या आपणहून बोलतील." असा हट्टी माणूस. वर्षानुवर्षं वाट बघत बसला... कुणी आलं नाही.

आलं ते शोकसभेनंतर. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो, तर एक म्हातारी दोन एसट्या बदलून दारात उभी राहिली. जमनाबाई. मी ओळखलं. वहिनींनी पाणी दिलं, ती प्यायली, पदराने तोंड पुसलं. मला राहवलं नाही. विचारलं, बाई, तुम्ही तक्रार केली होती ना त्याची?

"तक्रार? आमी नही करी. राग उना व्हता, खोटं कसाले बोलू. पन साहेब तसा नव्हतात, हाई सगळ्या बायास्ले ठाऊक व्हतं."

मग तेव्हा बोलला का नाहीत, म्हटलं.

"कोनी इचारंच नही, भाऊ. चेअरमननी बी नही, नि साहेबनी बी नही."

ती गेल्यावर वहिनी उठल्या. ओट्यावर काळ्या पिशव्यांत मुरलीने लावलेली कडुनिंबाची रोपं आहेत, त्यांना पाणी घातलं. खालच्या परातीत निथळलेलं पाणी उचललं आणि रस्त्यावर ओतून आल्या, त्याने शिकवलं होतं तसंच. मी रिकामी परात बघत बसलो. मला त्याला गदागदा हलवून चार शिव्या घालायच्या होत्या. जायचं होतंस रे, मुरली. नाला काही एवढा रुंद नव्हता.