पक्क्या चाकाची सायकल

उतारावर पाय मोकळे सोडणाऱ्या माणसांविषयी मला एके काळी अतिशय तुच्छता वाटे. आमचे हेडगुरुजी त्यातलेच. चढ आला की उतरून चालायचे, उतार आला की पाय जागच्या जागी ठेवून, धोतराचा सोगा सावरत, टर्रर्र करत खाली यायचे आणि शाळेत येऊन पुन्हा दमल्याचं सांगायचे. मी तेव्हा बावीस वर्षांचा, पाथर्डीच्या वाटेवरच्या एका खेड्यात नुकताच मास्तर झालेलो. माझी सायकल असले लाड करणारी नव्हती.

ती मूळची एका सात दिवस सायकल चालवणाऱ्याची. त्या वेळी असे लोक गावोगाव हिंडत. चावडीपुढं खांब रोवायचा, कर्णा लावायचा आणि सात दिवस जमिनीला पाय न लावता खांबाभोवती फिरायचं. जेवण सायकलवर, आंघोळ सायकलवर, दाढीसुद्धा सायकलवर. बाया घागरी ओतायच्या, पोरं मागं पळायची. लोकांना सायकल उलटी चालवून दाखवावी लागे, म्हणून त्यानं मागचं फ्रीव्हील वेल्डिंग मारून पक्कं करून टाकलं होतं. चाक फिरलं की पायडल फिरणारच. पुढं दाबलं की पुढं, मागं दाबलं की मागं. ब्रेक औषधालाही नव्हते.

मला त्या माणसाचा तिटकारा होता. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा, पण मी त्याला अरे-तुरे करी. पोरांना घेऊन मी मुद्दाम बघायला गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, "बघा रे, सात दिवस मर मर मरतोय आणि आहे तिथंच आहे." तो ऐकून नुसता हसला. सातव्या दिवशी गावानं त्याला टोपी आणि नारळ दिला. दोन वर्षं पाऊस नव्हता, गाव आणखी काय देणार? त्यानं सायकल विकायला काढली, ती मी घेतली. ज्या सायकलवर पोट आहे ती हा का विकतोय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

देताना तो म्हणाला, "गुरुजी, हिला थांबवायचं ते पायानंच. उतारावर पाय सुटलं, की मग गाडी आपली न्हाई."

"तू गोल फीर," मी म्हणालो. "मला सरळ रस्त्यानं नगरला जायचंय."

आणि जात राहिलो. शनिवारी शाळा सुटली की नगरला घरी, सोमवारी पहाटे परत. पंचवीस मैल. पहिला महिना पोटऱ्यांना हात लावू देत नव्हतो. मग लय सापडली. सपाटीवर एकदा वेग धरला की आपण चाक फिरवतोय की चाक आपले पाय फिरवतंय, हे कळेनासं होई. तो आनंद खरा होता, त्याबद्दल मी आजही वाईट बोलणार नाही. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. नगरहून येताना लागणारा करंजीचा घाटसुद्धा मी बसूनच उतरतो, असं मी हेडगुरुजींना ऐकवलं. ते साफ खोटं होतं. घाटाच्या तोंडाशी मी इकडंतिकडं बघून खाली उतरायचो आणि सायकल हातात धरून मुकाट्यानं चालायचो.

माझी नोकरी तात्पुरती होती. एका सोमवारी तपासणीला साहेब यायचे होते. त्यांच्या शेऱ्यावर मी कायम होणार, की काकांच्या कापडदुकानात गज घेऊन बसणार, हे ठरणार होतं. त्या धास्तीनं मी रविवारी शर्टाला दोनदा इस्त्री केली, रात्रभर तळमळलो आणि सोमवारी उशिरा उठलो.

घाटाशी आलो तेव्हा ऊन चढलं होतं. चालायला वेळ नव्हता, म्हणून बसूनच निघालो. पहिलं वळण पायडल मागं दाबत कसंबसं काढलं. दुसऱ्या वळणावर मांड्या लटपटल्या, एक पाय निसटला, मग दुसरा. पायडलं गरागरा फिरून नडग्यांवर दणके घालू लागली. चप्पल पुढच्या टायरवर दाबली, ती चप्पलच गेली. पुढं रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसली होती. "सरका, सरका!" ओरडत मी खडीच्या ढिगात घुसलो.

"डोळं हायेत का न्हाई, मास्तर?" एक बाई ओरडली आणि बाकीच्या हसल्या. डोक्याला फडकं गुंडाळलेला एक माणूस हातोडा टाकून उठला. त्यानं आधी सायकल उभी केली, मग मला.

"माजीच हाय की ही," तो म्हणाला. मग त्यानं मला ओळखलं. "पाय सोडलं न्हवं, गुरुजी?"

तो सायकलवाला होता. माझा गुडघा टम्म सुजला होता, पाय टेकवत नव्हता. मी त्याला एवढंच सांगितलं, की अकराच्या आत शाळेत पोचलो नाही तर माझी नोकरी जाईल.

"गेलास तर आजची हजेरी न्हाई," मुकादम त्याला म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि त्यानं मला कॅरिअरवर बसवलं.

उरलेला घाट त्यानं असा उतरवला, की मला कुठं हिसका बसला नाही. त्याचे पाय एकदाही थांबले नाहीत, एकदाही सुटले नाहीत. पाठीवरच्या खडीच्या धुळीतून घाम वाहत होता. मला त्याची लाज वाटत होती आणि त्याच्याविषयी गहिवरूनही येत होतं. शाळेत पोचल्यावर नीट आभार मानू, असं मी ठरवलं.

साहेब आधीच आले होते. "सायकलवाला आला!" करत पोरं रांगा मोडून धावली. सवयीनं म्हणा, पोरांसाठी म्हणा, त्यानं झेंड्याच्या खांबाला एक फेरी मारली आणि सायकल उलटी घेत मला नेमकं पायरीशी आणून सोडलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"हा कोण?" साहेबांनी विचारलं. हेडगुरुजी माझ्याकडं बघत होते.

मी शर्ट झटकला. "रोजावरचा माणूस आहे, साहेब. सायकल धरायला घेतला होता."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. "व्हय, साहेब," म्हणाला, सायकल भिंतीला टेकवली आणि उन्हात घाटाच्या दिशेनं चालू लागला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

साहेबांनी माझ्याविषयी चांगला शेरा दिला, मी कायम झालो. पुढच्या रविवारी नगरला मी सायकलला फ्रीव्हील आणि दोन ब्रेक बसवून घेतले. सोमवारी करंजीच्या घाटात माणसं खडी फोडतच होती. मी पाय जागच्या जागी ठेवून, टर्रर्र करत, त्यांच्याकडं मान न वळवता खाली उतरलो.