एक ग्रॅमची अंगठी

घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे लिहिण्याचं हे धाडस जरा सांभाळून घ्या.

वर्गातल्या रेखासाठी शिकवण्या घेऊन मिळालेले पैसे साठवून सराफाकडे गेलो होतो. शेजारी एकजण व्हिडिओ कॉलवर विचारत होता, "अगं, ही आवडली का?" मला त्याच्या सोन्यापेक्षा त्या 'अगं'चा जास्त हेवा वाटला. रेखाला मी अजून काहीच विचारलं नव्हतं. आधी अंगठी, मग शब्द, असं माझं ठरलेलं.

"एक ग्रॅमची दाखवता?"

"वन ग्रॅमचं पॉलिशवालं समोर, बांगडीवाल्याकडे. इथं खरं सोनं मिळतं, भाऊ."

मी खरंच मागत होतो, फक्त थोडं.

काही दिवसांनी मित्राचा फोन आला. रेखाचं ठरलं होतं. मुलगा अंगठी घ्यायला निघाला, तर तीच म्हणाली, "अहो, अंगठी कशाला? माझी एमएची फी भरा."