थोरलीने मोडलेला बांध

आमच्या गल्लीत थोरलीला न घाबरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. दोन जावांतली मोठी म्हणून ती थोरली, दुसरी धाकटी. माझी पिठाची गिरणी त्यांच्या दारासमोरच. पीठ जरा जाड पडलं तर थोरली ते माझ्या नाकासमोर चिमटीत धरून विचारते, "हा काय, रवा?" गावातली निम्मी घरं कुलूप लावून शहरात गेल्यापासून दळण कमी झालंय, त्यामुळे समोरच्या घरात काय शिजतंय आणि काय करपतंय हे मला बसल्या जागी कळतं.

या दोघींचे नवरे सख्खे भाऊ. वाटणीत बापाच्या शेताचे दोन लांबट पट्टे झाले आणि मधे वीतभर रुंदीचा बांध आला. त्या बांधावरून दोघांनी गाव डोक्यावर घेतलं. एकाने तो हळूच सरकवायचा, दुसऱ्याने आरडाओरडा करून परत आणायचा. शेवटी एकमेकांचं तोंड बघेनात. पुढे दोघेही कामासाठी शहरात गेले आणि तिथे चांगलीच जिरली. वेगळी खोली परवडेना, म्हणून हे दोन वीर एकाच खोलीत राहू लागले. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रातपाळी, आणि गादी एकच.

इकडे जावांची पंचाईत झाली. नांगर धरायला गावात गडी उरला नव्हता. शेजारची शेतं पडीक पडून त्यात कमरेएवढी झुडपं माजली होती. शेवटी थोरलीने ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. त्याने पट्टे पाहिले आणि मान हलवली.

"वहिनी, एवढ्याशा जागेत ट्रॅक्टर वळवू कसा? मधला बांध नसता तर गोष्ट वेगळी."

"तुम्ही जरा चहा पिऊन या," थोरली म्हणाली आणि तिने फावडं उचललं.

धाकटी रडकुंडीला आली. "जाऊबाई, हे दोघं आले की आपल्याला घराबाहेर काढतील."

"काढायला आधी यायला तर पाहिजेत."

बांध गेला, शेत एक झालं, पीक जोमदार आलं आणि दोघींनी ते निम्मं निम्मं घेतलं. फोनवर नवऱ्याने विचारलं की थोरली सांगायची, "शेत झकास आहे." त्यात खोटं काहीच नव्हतं.

पुढच्या पेरणीआधी दोघे भाऊ चार दिवसांच्या सुट्टीवर आले आणि तडक शेताकडे निघाले. जावा त्यांच्याआधीच तिथे जाऊन उभ्या होत्या. आता रणकंदन होणार, असं म्हणून मीही गिरणी बंद करून मागोमाग गेलो. असा फुकटातला तमाशा कोण सोडतो?

थोरल्याने शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं. "बांध कुठाय?"

"मी मोडला."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. थोरलीने शांतपणे फावडं त्याच्या हातात दिलं.

"घाला परत. पण मग ट्रॅक्टर येणार नाही. नांगर धरायला तुम्ही थांबा, भाऊजींनाही थांबवा." मग तिचा आवाज खाली आला. तो तसा खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "थांबलात तर मला आवडेल."

थांबता येणार नाही हे चौघांनाही माहीत होतं. मजा बघायला आलेला मी उगाच पायाखालची ढेकळं फोडू लागलो.

थोरला फावड्याच्या दांड्याकडे बघत राहिला. मग धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, त्या कोपऱ्यात दगड फार आहेत. ट्रॅक्टर वळताना अडत असेल."

"अडतो का गं?" थोरल्याने बायकोला विचारलं.

"अडतो. ट्रॅक्टरवाला दर वेळी कुरकुर करतो."

थोरल्याने बाह्या वर केल्या आणि तो कोपऱ्याकडे चालू लागला. धाकटा हातात घ्यायला काहीतरी शोधू लागला, तेव्हा थोरलीने मागच्या झुडपात हात घालून दुसरं फावडं बाहेर काढलं. ते तिने सकाळीच आणून ठेवलं होतं.