नळीतलं पाणी
तुर्भ्याच्या कारखान्यात मी बॉयलरवर हेल्पर होतो. बॉयलर चालवणारा खाडीकाठच्या गावातला. जेवताना एक शब्द बोलायचा नाही. जेवला की फरशीवर आडवा व्हायचा, देवाचं नाव घ्यायचा आणि पंधरा मिनिटं गाढ झोपायचा. मला त्याच्या झोपेचा राग यायचा. माझी बायको वारून महिना झाला होता आणि माझा डोळा लागत नव्हता.

तो झोपला की बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर नजर ठेवायचं काम माझं. एका दुपारी भानावर आलो, तर नळी रिकामी. बॉयलर कोरडा तापत होता. मी धावत जाऊन पाण्याचा व्हॉल्व्ह धरला. मागून त्यानं माझं मनगट आवळलं.

"सोड, मेल्या! तापल्या लोखंडावर पानी सोडलंस तर फुटंल. दोघंव जाऊ."

त्यानं आधी आग बंद केली.

"आता काय करायचं?"

"कायच नाय. थंड होऊ दे. बस."

आतून लोखंड कडाकड वाजत होतं. मला पळायचं होतं. तो मांडी घालून बसला, डोळे मिटून देवाचं नाव घेऊ लागला. मनगट मात्र सोडलं नाही. मीही बसलो. घामानं भिजलो.

खूप वेळानं आवाज थांबला. त्यानं डोळे उघडले.

"कुठं होतास रं?"

"घरी."

"घरी कोन हाय?"

"कोणी नाही."

"मंग हितं रव्हाचं."