एका शेडवर दोन पाट्या

स्पष्टच सांगते, मला तिचा हेवा वाटला. अजूनही वाटतो.

तळोज्यात औषधं पॅक करणाऱ्या एका कारखान्याच्या गेटवर मी तीन वर्षं कामगार संघटनेची पत्रकं वाटली. मागणी एकच: पाळणाघर. पन्नास माणसं कामाला असली की ते द्यावंच लागतं. कायदा आहे, भीक नाही! तिथल्या एका बाईची दोन वर्षांची मुलगी शेजारणीकडे असायची. शेजारीण दोन महिन्यांत कायमची गावी चालली होती. तोवर सोय झाली नाही, तर बाईला काम सोडावं लागणार होतं.

अशात माझी कॉलेजातली मैत्रीण उगवली. कायद्याच्या नियमांमुळे कंपन्या कशा वागतात, यावर तिचा अर्थशास्त्राचा प्रबंध.

"कशा वागतात? हरामखोरांसारख्या. लिही आणि जा घरी."

ती हसली आणि बायकांच्यात डबा खायला बसली. तीन वर्षं मी त्यांची 'मॅडम'. ही तिसऱ्या दिवशी 'पोरी' झाली. "ए पोरी, नुसतं लिवतीस काय, खा की!" मला कधी कुणी भाकरीचा तुकडा पुढे केला नव्हता. माझ्या हातात कायम गठ्ठा असायचा, ते सोडा.

मग तिने बायकांना साधंच विचारलं, "गेटवर दुसऱ्या कंपनीची पाटी कधी लागली?"

ती पाटी मी रोज बघायचे. मालकाला नवा भागीदार मिळाला असेल, म्हणून सोडून दिलं होतं.

"मॅडमचं पत्रक आलं ना, त्याच्यानंतर लगेच," ती लहान लेकीवाली बाई म्हणाली. "निम्म्या जणींना नवी ओळखपत्रं दिली. मशिनी त्याच, साहेब तोच."

म्हणजे दोन कंपन्या, दोन्ही पन्नासच्या आत. आणि 'पन्नास' हा आकडा मी लाल अक्षरात छापून, पहिलं पत्रक मोठ्या रुबाबात मालकाच्याच हातात दिलं होतं.

"तुझी चूक नाही गं," मैत्रीण म्हणाली. "नियमाची रेघ दिसली की कंपन्या अलीकडेच थांबतात."

"भाषण नको देऊस."

"तुझं ऐकतायत की त्या तीन वर्षं!"

बायका खो खो हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मैत्रिणीला तेच जुनं पत्रक हवं होतं. त्यावर तारीख होती, आणि पाटी त्यानंतर लागली हे त्यावरून दाखवता आलं असतं. मी म्हटलं, "संपली."

"पिशवीत हायत की, मॅडम," बाई हळूच म्हणाली. "द्या ना. माज्या लेकीचा सवाल हाय."

दिलं. पुढचं बायकांनीच सांगितलं: विजेचा मीटर एक, सुपरवायझर एक, पगाराची पाकिटंही एकाच टेबलावरून. मैत्रिणीने विचारत जायचं, मी तक्रार लिहायची. चांगली लिहिली मी.

कामगार खात्याचा अधिकारी आला, त्याने दोन्ही कंपन्या एकच धरल्या. शेजारीण जायच्या आठवड्यात स्टोअरशेजारच्या खोलीत पाळणाघर सुरू झालं. बाईने मला हाताला धरून आत नेलं. तिची लेक सतरंजीवर पालथी झोपली होती.

"मॅडम, फोटो काढा ना," बाई म्हणाली. "त्या पोरीला धाडा."

मी धाडला. सोबत एक शब्दही लिहिला नाही.