पायाळूची लाथ

माझी कंबर गेली ती एका टेबलामुळे. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. शाळा नुकत्याच जिल्हा परिषदेकडे आल्या होत्या आणि संग्रामपूरच्या बाजूच्या एका गावात मी प्राथमिक शिक्षक होतो. तपासणीला साहेब यायचे होते. मोठ्या टेबलाशिवाय साहेबांना तपासता येत नाही, अशी आमच्या हेडमास्तरांची समजूत. म्हणून ते सागवानी धूड वर्गातून ऑफिसात न्यायचं ठरलं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आणखी एक शिक्षक, आणि हेडमास्तर मधे उभे राहून नुसतं "हळू, हळू" म्हणत होते. उंबऱ्याशी मी वाकून टेबल उचललं आणि कमरेत कट्‌दिशी काहीतरी झालं. मी तिथेच गुडघ्या-हातांवर आलो.

हेडमास्तरांनी आधी टेबलाचा पाय पाहिला. तो शाबूत आहे हे कळल्यावर माझ्याकडे वळले.

"उसण भरली मास्तर तुमाले. घरी जा. पण उद्या यावंच लागन. साहेब येऊन राह्यले."

बाकीच्या शिक्षकांना ते गुरुजी म्हणत, मला मास्तर. आम्ही बौद्ध. हा फरक शाळेतल्या मुलांनाही पाठ होता.

दुसऱ्या दिवशी काही जाता आलं नाही. खोकला आला की कमरेतून पोटरीपर्यंत कळ उतरायची. कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करायचो, मग श्वास रोखायचो आणि शेवटी बदलायचोच नाही. ज्यांना स्वतःची डोकेदुखी बरी करता येत नव्हती ते सगळे माझ्या कमरेचे जाणकार झाले. कोणी रुईची पानं आणली, कोणी म्हणालं डाग द्या, कोणी खाटेपाशी बसून अशाच दुखण्याने खचलेल्या आपल्या काकाची हकिकत सांगून चहा पिऊन गेलं.

साहेब येऊन गेल्यावर हेडमास्तर आले. म्हणाले, "औषधपाणी कायले करता? मालकाची एक लाथ खा, मोकळे व्हा."

मालक म्हणजे गावातले सर्वांत मोठे जमीनदार. ते पायाळू होते, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आले होते. अशा माणसाने कमरेत लाथ मारली की उसण निघते, असं लोक मानत. स्वतःच्या अंगाने या गृहस्थांनी आयुष्यात केलेली एकच गोष्ट म्हणजे उलटं जन्मणं, आणि तेवढ्यावर त्यांची कीर्ती आसपासच्या गावांत पसरली होती. रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर लोक पालथे पडत. लाथ खाऊन उठणारा प्रत्येक जण "बरं वाटते" म्हणायचा. नाही म्हणाला असता तर दुसरी बसली असती.

बायको म्हणाली, "लाथच खायची होती तं धम्म कायले घेतला?"

"मले उभं राह्यता येत नाही अन् तुले धम्म सुचते."

ती म्हणाली, "जा मंग. पण मी संगं येतो."

दुखणं माणसाला कुठेही नेतं. मला बैलगाडीतून त्या ओट्यासमोर नेलं. माझ्या आधी एक दुकानदार होता. त्याच्यासाठी ओट्यावर सतरंजी अंथरली होती. त्याने लाथ खाल्ली, त्याला चहा मिळाला. माझी पाळी आल्यावर मालकांनी खाली, बैल बांधले होते तिकडे बोट दाखवलं.

"तू तिथंच झोप, मास्तर."

मी शेणामुतात पालथा पडलो. हेडमास्तर हात बांधून मालकांच्या मागे उभे होते. लाडेलाडे म्हणाले, "मालकाले आंघोळ करा लागन आता."

"कायची आंघोळ?" मालक हसले. "हात थोडाच लावून राह्यलो? पायाले काई होत नाही."

सगळा ओटा हसला. चहा पिणारा दुकानदारही.

तेवढ्यात बायकोचा आवाज आला. "उठा."

मी उठलो. कुशीवर वळलो, गुडघ्यांवर आलो, गाडीचं चाक धरलं आणि तिच्या खांद्यावर भार टाकून उभा राहिलो. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"काऊन बे, भेला काय?" मालकांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "माझी कंबर दुखते, पण तुमच्या पायाखाली यावी इतकी नाही."

गाडीवाल्याची आम्हाला परत न्यायची हिंमत झाली नाही. आम्ही चालत घरी आलो, दर भिंतीशी थांबत. त्यानंतर गावात एकच बोलणं: मालकाचा अपमान केला, म्हणून मास्तरची कंबर सुधरत नाही.

मग आम्ही एस.टी.ने मलकापूरला गेलो. बसवत नव्हतं, म्हणून मी सगळी वाट दांडा धरून उभा होतो. तिथल्या डॉक्टरांकडे कापसाच्या गाठी उचलणारे हमाल यायचे, त्यामुळे कमरांची त्यांना सवय होती. त्यांनी मला झोपवून पाय सरळ वर उचलला, गुडघ्यावर ठोकून पाहिलं.

"शिक्षक आहात ना? एवढं काय उचललंत?"

"टेबल. साहेबांसाठी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की कमरेपेक्षा तेच जास्त लागलं. शीर दबली आहे, म्हणाले. थोडे दिवस फळीवर झोपा, गुडघ्यांखाली उशी घ्या, शेक घ्या. पण लोळत राहू नका, जमेल तसं चाला. गुडघे पोटाशी घ्यायचा व्यायाम त्यांनी करून दाखवला. लाथेचं ऐकल्यावर म्हणाले, "खाल्ली नाही हे बरं केलंत. लाथेने आणखी बिघडलेले इथे येतात."

बायकोने मागचं दार काढून जमिनीवर टाकलं, त्यावर मी झोपलो. ती वीट तापवून, जुन्या लुगड्यात गुंडाळून कमरेखाली द्यायची. आधी दारच्या कडुनिंबापर्यंत चाललो, मग विहिरीपर्यंत, आणि एक दिवस शाळेपर्यंत.

त्याच हिवाळ्यात मालकांची कंबर धरली. गावात दुसरा पायाळू नव्हता, आणि असता तरी मालकांना लाथ मारायची छाती कोणाची होती? हेडमास्तर माझ्याकडे आले.

"मालकानं बलावलं. डॉक्टरनं सांगतलेले व्यायाम दाखवा म्हंते."

"दाखवतो. त्यांना माझ्या घरी यायला सांगा. सतरंजी अंथरून ठेवतो."

"ते कसे येतीन इथं?"

"बैलगाडीत. मी तसाच गेलो होतो."

ते आले नाहीत. माझ्या घरात आडवं होण्यापेक्षा त्यांना कळ सोसणं बरं वाटलं. वाकलेले, काठी टेकत ते वाड्यापासून मळ्यापर्यंत जाताना दिसायचे. मला दया आली नाही, आणि ती यावी असं वाटलंही नाही.

पुढे कळलं की मालकांच्या बायकोने शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, माझ्या बायकोला गाठलं होतं आणि हिने तिला सगळं सांगितलं होतं: फळी, वीट, व्यायाम. मी चिडलो.

"मी त्यायले नाही सांगतलं," ती म्हणाली. "बाईले सांगतलं. रातभर तिलेच उठाव लागते."

उन्हाळ्यापर्यंत मालक सरळ झाले, आणि मग दर रविवारी पुन्हा लोकांच्या कमरेत लाथा मारू लागले. लोकही पुन्हा जाऊ लागले. मी बदली मागून डोणगावकडे आलो. नव्या शाळेतलं टेबल आधीच्या टेबलाहून मोठं होतं. मी त्याला हात लावला नाही.